देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे मानसिक आरोग्य आणि कामाचा ताण

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्याचा पद्धतशीर विचार भारतात १९९० नंतर सुरू झाला, आणि तो प्रामुख्याने एचआयव्हीच्या धास्तीने सुरू झाला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम अस्तित्वात आला. त्याच वर्षी कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी आणि सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने आपापल्या कामाला आरंभ केला, आणि पुढील तीन दशकांत निरोधवाटप, रक्ततपासणी व गुप्तरोगांवरील उपचार यांचे जाळे कामाठीपुरा, बुधवार पेठ, गोकुळनगर अशा वस्त्यांमध्ये विणले गेले. या कामामुळे असंख्य प्राण वाचले, हे निर्विवाद आहे. मात्र या सर्व काळात या स्त्रीकडे पाहण्याची शासकीय दृष्टी संसर्गाचा संभाव्य स्रोत अशीच बव्हंशी राहिली. तिचे रक्त किती वेळा तपासले गेले याची नोंद ठेवली गेली. तिला झोप लागते का, जेवण जाते का, जगण्याचा उबग आला आहे का, हे प्रश्न नोंदवहीच्या रकान्यांत आले नाहीत. ही उणीव किती मोठी होती, हे गेल्या दोन दशकांतील संशोधनातून हळूहळू स्पष्ट होत आहे.

या विषयाकडे वळण्यापूर्वी एक भेद नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत ‘काम’ हा शब्दच लागू होत नाही. ते लैंगिक शोषण आहे आणि २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गंभीर गुन्हा आहे. फसवून, विकून किंवा डांबून ठेवलेल्या प्रौढ स्त्रीचीही तीच गोष्ट. प्रस्तुत विवेचन ज्या प्रौढ स्त्रिया आज या व्यवसायावर उपजीविका करतात त्यांच्याविषयी आहे. परंतु प्रत्यक्ष आयुष्यात ही सीमारेषा इतकी सरळ नसते. कोवळ्या वयात फसवणुकीने आणली गेलेली, पुढे कर्ज फेडून मोकळी झालेली आणि तरीही परतीची वाट बंद असल्यामुळे तेथेच राहिलेली स्त्री ही या वस्त्यांतील अपवादात्मक व्यक्ती नव्हे. तिच्या आजच्या ताणाखाली जुन्या आघाताचा थर असतो, आणि मानसोपचाराला तो थर ओलांडून पुढे जाता येत नाही.

तारा बीटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या २६ देशांतील ५६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४२ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्याची, २१ टक्क्यांमध्ये चिंताविकाराची आणि जवळपास २० टक्क्यांमध्ये आघातोत्तर तणाव विकाराची लक्षणे आढळली. आघातोत्तर तणाव विकार म्हणजे मारहाण, बलात्कार किंवा तत्सम भयंकर अनुभवानंतर तो प्रसंग वारंवार डोळ्यांपुढे उभा राहणे, दचकून जाग येणे, सदैव सावध व ताणलेल्या अवस्थेत राहणे. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमधील नैराश्याचे तत्कालीन प्रमाण २.७ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणे योग्य नाही, कारण पहिल्यात बहुतेक ठिकाणी लक्षणांची प्राथमिक चाळणी करणाऱ्या प्रश्नावल्या वापरलेल्या आहेत, तर दुसऱ्यात निदानाचे कठोर निकष लावलेले आहेत. तरीही मोजमापाच्या फरकातून एवढी मोठी दरी निर्माण होत नाही.

ही दरी का आहे, याची दोन उत्तरे समाजात सहज दिली जातात. पहिले उत्तर नैतिक आहे: पाप केल्याची टोचणी मनाला पोखरते, असे ते सांगते. दुसरे उत्तर सहानुभूतीतून येते आणि या व्यवसायाचे स्वरूपच असे आहे की त्यात पडलेली प्रत्येक स्त्री मनाने उद्ध्वस्त होणारच, असे मानते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेलिसा फार्ली यांनी २००३ मध्ये नऊ देशांतील ८५४ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यांतील ६८ टक्क्यांना आघातोत्तर तणाव विकार असल्याचे नोंदवले, आणि हा आकडा दुसऱ्या उत्तराचा मुख्य आधार ठरला. त्यावर आक्षेप असा घेतला गेला की सर्वाधिक हलाखीत असलेल्या व्यक्तींच्या नमुन्यावरून संपूर्ण व्यवसायाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्यामुळे त्या ६८ टक्क्यांचे दुःख खोटे ठरत नाही, हेही तितकेच खरे.

अधिक उद्बोधक आहे तो नेदरलँड्समधील इने वान्वेसेनबेक यांचा २००५ चा अभ्यास. त्यांनी बंदिस्त जागेत काम करणाऱ्या ९६ स्त्रियांमधील ‘बर्नआउट’ मोजला. कामाच्या दीर्घकाळच्या ताणामुळे माणूस आतून रिता होतो, त्या अवस्थेला ही संज्ञा आहे, आणि तिची तीन अंगे मानली जातात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारी कोरडी अलिप्तता आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. या स्त्रियांची तुलना रुग्णसेवेतील स्त्रियांशी केली असता थकव्यात व आत्मविश्वासात लक्षणीय फरक आढळला नाही. अलिप्तता मात्र अधिक आढळली. हा ताण कोणत्या गोष्टींशी निगडित होता, हे त्याहून महत्त्वाचे आहे. काम स्वेच्छेने न करणे, लोकांकडून मिळणारी हीन वागणूक आणि कामाच्या ठिकाणी आधाराचा अभाव या त्या गोष्टी होत. २०१० मध्ये झुरिक येथे १९३ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासातही मानसिक विकारांचे प्रमाण एकंदरीत मोठे आढळले, पण ते कामाच्या जागेनुसार, सोसलेल्या हिंसेनुसार आणि काम किती जड वाटते त्यानुसार बरेच बदलत होते. व्यवसाय एकच असूनही त्यातील स्त्रियांची मनःस्थिती इतकी वेगळी असेल, तर कारणांचा शोध कामाच्या परिस्थितीत घ्यावा लागतो.

असा शोध घेण्यासाठी श्रमविज्ञानातील एक जुनी मांडणी उपयोगी पडते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये असे दाखवले की काम पुष्कळ आहे एवढ्याने माणूस मोडत नाही. कामाचे दडपण मोठे आणि त्या कामावर स्वतःचे नियंत्रण नगण्य, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो. पुढे इतर संशोधकांनी त्यात सहकाऱ्यांच्या व वरिष्ठांच्या आधाराची भर घातली. ही मांडणी कारखाने आणि कचेऱ्या यांच्यासाठी केलेली होती, परंतु महाराष्ट्रातील वस्त्यांना ती लावून पाहिली तर बरेच काही उलगडते. घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, कर्जात असलेली स्त्री दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही, आजारपणात किंवा पाळीच्या दिवसांत हक्काने सुट्टी घेऊ शकत नाही आणि आपल्या श्रमाचे किती पैसे ठरले हेही तिला अनेकदा कळत नाही. ‘अधिया’ पद्धतीने, म्हणजे निम्मी कमाई घरवालीला देऊन, काम करणारी स्त्री काहीशी मोकळी असते, पण खाटेचे भाडे, वीज, पाणी, पोलिसांचा हप्ता आणि सावकाराचे रोजचे व्याज चुकवताना तिचीही निवड संपते. ज्या स्त्रीची खोली स्वतःची आहे आणि गिऱ्हाईक बरेचसे ओळखीचे आहे, तिला निरोधाचा आग्रह धरता येतो, ठरावीक वेळी दार लावता येते, चार पैसे भिशीत टाकता येतात. या तिघींच्या मनावरील ताण एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

मोबाइल फोन आल्यापासून वस्तीबाहेर, लॉजवर किंवा भाड्याच्या सदनिकेत काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली आहे. घरवालीचा जाच त्यामुळे टळतो, पण शेजारच्या खोलीतून ओरडा ऐकून धावत येणारी मैत्रीणही दुरावते. अनोळखी ठिकाणी एकटीने जाणे, चोरून केलेल्या चित्रीकरणाची धमकी, पैसे बुडवले तरी दाद मागायला जागा नसणे, ही या नव्या पद्धतीची दडपणे आहेत. नियंत्रण थोडे वाढले आणि आधार पार गेला, अशी ही अवस्था आहे.

या कामात शरीराच्या श्रमाबरोबर आणखी एक श्रम असतो. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. मनात नसलेली भावना चेहऱ्यावर आणणे आणि मनात असलेली लपवणे हा ज्या कामाचा भाग असतो, तेथे हा श्रम घडतो. देहविक्रयात तो पराकोटीला जातो, कारण आवडीचे, जवळिकीचे, कधी प्रेमाचेही सोंग तेथे वठवावे लागते. त्यासाठी स्त्रिया स्वतःभोवती कुंपण घालतात: व्यवसायात वेगळे नाव घेतात, काही शारीरिक गोष्टी गिऱ्हाइकाला कधीच करू देत नाहीत, आपल्या माणसाला आणि गिऱ्हाइकाला मनात वेगळ्या कप्प्यांत ठेवतात. डच अभ्यासात आढळलेली अलिप्तता या कुंपणाशी जवळून संबंधित असावी. ती एका मर्यादेपर्यंत मनाचे रक्षण करते. पण वर्षानुवर्षे भावना बधिर करण्याची सवय जडली की ती बधिरता मुलांशी वागताना, मैत्रिणींत बसतानाही सुटत नाही. दारूचे स्थान येथेच आहे. गिऱ्हाइकाला साथ म्हणून घेतलेला पेला पुढे स्वतःला सुन्न करण्यासाठी लागतो, नैराश्य वाढवतो, आणि निरोधासाठी अडून बसण्याची ताकदही कमी करतो.

ताणाचा फार मोठा भाग लपवण्यातून निर्माण होतो. गावी आईला, भावाला, शेजाऱ्यांना ती मुंबईत किंवा पुण्यात घरकाम करते, कारखान्यात जाते असे सांगितलेले असते. दरमहा पैसे जातात, सणाला ती जाते, भाच्यांची लग्ने तिच्या कमाईतून होतात आणि तरीही आपल्याला कोणी ओळखेल, कोणी छायाचित्र काढेल, या भीतीचे ओझे तिच्यावर कायम असते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये कलंकाचे विवेचन करताना कलंक उघड असलेल्या आणि तो झाकून ठेवता येणाऱ्या व्यक्तींमध्ये भेद केला होता. झाकणाऱ्याला प्रत्येक प्रसंगी कोणाला काय सांगितले आहे याचा हिशेब ठेवावा लागतो. मुलांच्या बाबतीत हा हिशेब सर्वांत जड होतो. मुंबईत ‘प्रेरणा’ या संस्थेने १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात या स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर सुरू केले, त्यामागील गरज अगदी साधी होती: कामाच्या वेळी मूल कोठे ठेवायचे? मुलगी वयात येऊ लागली की आईची झोप उडते, आणि मूल शिकून मोठे झाले की ते आपल्याला आई म्हणून चारचौघांत ओळख देईल का, ही चिंता सुरू होते.

या चिंतेत कायद्याने भर घातली आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यानुसार प्रौढ स्त्रीने खाजगीरीत्या देहविक्रय करणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. पण कुंटणखाना चालवणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाला खुणावणे, मंदिर, शाळा, रुग्णालय इत्यादींपासून २०० मीटरच्या आत व्यवसाय करणे हे गुन्हे आहेत. चौथ्या कलमानुसार तिच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती गुन्हेगार ठरू शकते, म्हणजे महाविद्यालयात शिकणारा तिचा मुलगाही. व्यवसाय करण्यास मनाई नाही, पण तो करण्याची जवळजवळ प्रत्येक वाट बेकायदा, अशा कोंडीत जगणाऱ्या स्त्रीला पोलीस हे संरक्षक वाटत नाहीत. तिला मारहाण झाली, पैसे हिसकावले गेले, तरी ती ठाण्यात जात नाही. लुसी प्लॅट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक देशांतील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा दडपशाहीची पोलीस कारवाई सोसलेल्या स्त्रियांना शारीरिक वा लैंगिक हिंसेचा धोका सुमारे तिप्पट असल्याचे दिसून आले.

धाडीविषयी विशेष लिहावे लागते, कारण ती ‘सुटका’ या नावाने होते. डांबलेल्या मुलीसाठी ती खरोखर सुटका असते आणि तशी कारवाई व्हायलाच हवी. स्वतःच्या इच्छेने राहणाऱ्या प्रौढ स्त्रीसाठी मात्र तिचा अर्थ निराळा असतो: रात्री दार फोडून आत आलेली माणसे, कॅमेरे, ओढणीने झाकलेले तोंड, ठाणे, वैद्यकीय तपासणी, न्यायालय आणि त्यानंतर सुधारगृह, जेथे कायद्यानुसार तिला एक ते तीन वर्षे ठेवता येते. या काळात मुले कोणाकडे आहेत हे तिला कळत नाही, खोली हातची जाते, कर्जावरील व्याज चढते, आणि गावी बातमी पोचलेली असते. बाहेर आल्यावर ती त्याच वस्तीत परतते, पण आता अधिक कर्जबाजारी होऊन. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींची मुक्तता करताना स्पष्ट केले की देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीचे रस्ते पोलिसांनी अडवले आणि तेथील स्त्रियांचे उत्पन्न एका दिवसात थांबले.

वस्ती उठवल्याचे मनावर काय परिणाम होतात, याविषयी गोव्याचा अनुभव बोलका आहे. वास्को येथील बायणा किनाऱ्यावरील वस्ती २००४ मध्ये जमीनदोस्त करण्यात आली आणि तेथील स्त्रिया राज्यभर विखुरल्या. मरियम शहमानेश आणि सहकाऱ्यांनी त्यानंतरच्या काळात गोव्यातील ३२६ स्त्रियांचा अभ्यास केला, जो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १९ टक्के स्त्रियांनी मागील तीन महिन्यांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगितले. सहचराकडून होणारी हिंसा, इतरांकडून होणारी हिंसा आणि अडकून पडल्याची भावना यांच्याशी हे प्रयत्न निगडित होते. येथे ‘सहचर’ म्हणजे वस्तीतील भाषेत ‘मालक’ किंवा ‘आदमी’. हा पुरुष नवरा नसतो, पण तिच्या दृष्टीने नवऱ्याच्या जागी असतो. तिच्या मुलांना तो नाव देतो, तिला समाजात थोडी प्रतिष्ठा देतो आणि त्या बदल्यात अनेकदा तिची कमाई घेतो व मारहाणही करतो. गिऱ्हाइकाच्या हिंसेविषयी कार्यक्रम बोलतात. या घरगुती हिंसेविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, कारण देहविक्रय करणाऱ्या स्त्रीलाही संसार असतो ही गोष्टच बाहेरच्या जगाला सुचत नाही. याच अभ्यासात काही संरक्षक घटकही आढळले: जिला मूल आहे आणि जी एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रमाच्या संपर्कात आहे, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण कमी होते. निरोध वाटायला येणारी कार्यकर्ती चौकशी करते, नावाने हाक मारते, एवढ्यानेही जीव धरून राहायला बळ मिळत असावे.

हे दुःख दवाखान्यात पोचते तेव्हा त्याचे रूप बदललेले असते. नैराश्य हा शब्द कोणी उच्चारत नाही. डोके जड आहे, अंग मोडून येते, छातीत धडधडते, कंबर धरली आहे, अंगावरून पांढरे जाते, फार टेन्शन आहे, अशा तक्रारी असतात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील सर्वसाधारण स्त्रियांच्या अभ्यासात दाखवले आहे की पांढरे जाण्याच्या तक्रारीचा मानसिक ताणाशी व नैराश्याशी दृढ संबंध असतो आणि अशा पुष्कळ स्त्रियांमध्ये कोणताही जंतुसंसर्ग नसतो. गुप्तरोगांच्या दवाखान्यात मात्र लक्षण पाहून औषध देण्याची पद्धत आहे, आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रीने ही तक्रार सांगितली की संसर्गाखेरीज दुसरी शक्यता क्वचितच विचारात घेतली जाते. तिला प्रतिजैविकांच्या गोळ्या मिळतात, तक्रार कायम राहते, आणि काही महिन्यांनी त्याच गोळ्या पुन्हा मिळतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले तरी ती जाईलच असे नाही. पत्ता काय, नवरा काय करतो, या नोंदणीच्या खिडकीवरील प्रश्नांना ती घाबरते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला भेदभावाविना उपचाराचा हक्क दिला आहे आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेतून वगळले आहे, ही माहिती या वस्त्यांपर्यंत अजून पुरेशी गेलेली नाही.

काय केल्याने फरक पडतो, याविषयी पुरावा उपलब्ध आहे. सांगलीत १९९६ मध्ये या स्त्रियांनी स्वतः ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली; घरवालीशी, मालकाशी, गिऱ्हाइकाशी होणारे तंटे एकत्र बसून सोडवणे, पोलीस ठाण्यात एकटीने न जाता गटाने जाणे, मुलांच्या शिक्षणाची सोय पाहणे, ही तिची कामे. मानसोपचाराचे नाव त्यांत कोठेही नाही, पण करासेक यांच्या मांडणीतील नियंत्रण आणि आधार या दोन्ही गोष्टी त्यांतून वाढतात. कर्नाटकात अशाच संघटित कामानंतर स्त्रियांवरील हिंसा घटल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले गेले. करोनाच्या टाळेबंदीच्या काळात या संघटनांनीच धान्य पोचवले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला आणि महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये व शाळकरी मुले असलेल्यांना आणखी २,५०० रुपये देण्याचे ठरवले. भूक आणि व्याज यांच्या धास्तीने जागणाऱ्या स्त्रीसाठी ही मदत मानसिक आरोग्याचीच मदत होती.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मसकर खटल्यात दिलेले निर्देश या दृष्टीने फार मोलाचे आहेत. पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, लैंगिक अत्याचाराची तक्रार केल्यास तिला इतर पीडितांप्रमाणेच वैद्यकीय मदत मिळावी, केवळ आई देहविक्रय करते म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये, धाडीच्या वार्तांकनात तिची ओळख उघड करू नये, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या प्रमाणपत्रावर तिला आधार कार्ड मिळावे, असे त्यात सांगितले आहे. यांतील प्रत्येक निर्देश वर वर्णन केलेल्या एकेका भीतीवर नेमके बोट ठेवतो. वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांनी निदान आपल्यापुरता निर्देश पाळला, तरी कितीतरी घरे उघडी पडण्यापासून वाचतील.

मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अपुरी आहे ही सबब येथे पुरी पडत नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१० व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून असे सिद्ध झाले आहे की मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण व देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने नैराश्यग्रस्त रुग्ण बरे होऊ शकतात. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठीच्या प्रत्येक एड्स प्रतिबंध प्रकल्पात समुपदेशक आणि वस्तीतील सखी कार्यकर्त्या आधीच नेमलेल्या आहेत. त्यांना नैराश्य व आत्महत्येचा धोका ओळखण्याचे शिक्षण द्यावे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी त्यांची जोडणी करावी, आणि ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक खोलीपर्यंत पोचवावा. त्याच वेळी खुणावण्याला गुन्हा ठरवणारे आठवे कलम आणि सज्ञान मुलाला आरोपी बनवू शकणारे चौथे कलम बदलण्याची मागणी आरोग्यक्षेत्रातील लोकांनी आपली म्हणून उचलून धरावी. पहिल्या कामासाठी नव्या कायद्याची गरज नाही. दुसऱ्यासाठी संसदेला १९५६ च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागेल.